'पुट ऑफ' नक्की कसं वापरायचं?

ऑफिसात सर म्हणाले मीटिंग पुट ऑफ केलीय, मला वाटलं रद्दच झाली, मी घरी निघून आलो आणि दुसऱ्या दिवशी 10 वाजता सगळे माझी वाट बघत बसलेले 😅 मग रद्दला काय म्हणतात?

> रद्द म्हणजे कॉल ऑफ. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं. पावसामुळे मॅच सोडूनच दिली तर कॉल्ड ऑफ, रविवारी ठेवली तर पुट ऑफ.

> अजून एक, पुढे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतं. 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट', म्हणजे दातवाल्याकडे जायचं रोज उद्यावर टाकतोय (माझंच चाललंय 😬). 'टू गो' नाही म्हणायचं. आणि 'इट' मधे येतं, 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' चुकीचं.

> मन उडणं यालाही हेच बरं का. 'द स्मेल पुट मी ऑफ', वासानेच जेवणावरची इच्छा गेली.

धन्यवाद मंडळी, म्हणजे अलीकडे आणली तर प्रीपोन ना?

> आपल्याकडे चालतं, पण बाहेरच्या क्लायंटला 'ब्रिंग फॉरवर्ड' लिही, प्रीपोन तिकडे फारसं कुणाला कळत नाही.