मदत हवी आहे: बैठकीच्या खोलीसाठी अमूर्त चित्र कसं निवडावं? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. घराचं रंगकाम नुकतंच झालं आणि बैठकीच्या खोलीतली मोठी भिंत मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तिथे एकच अमूर्त चित्र (म्हणजे ओळखू येणारी वस्तू किंवा माणूस नसलेलं, नुसत्या रंग-रेषा-आकारांचं) लावायचंय, तेही हातानं रंगवलेलं. तीन तुकड्यांत येणारे छापील कॅनव्हास नकोत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी (चित्र-शिल्पकला शिकवणारी) आपल्याच गावात आहे, तर तिथं शिकणाऱ्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या चित्रकाराचं काम घरात यावं, अशी फार इच्छा आहे. फ्रेमसकट २५ हजारांपर्यंत खर्च करू शकतो.

आता अडचणी. भिंत ११ फूट लांब, खाली ६ फुटांचा सोफा, समोर साधारण १० फुटांवर झोपाळा. सासूबाईंचा दिवस त्या झोपाळ्यावरच जातो. म्हणजे हे चित्र सर्वांत जास्त त्याच बघणार, आणि म्हणून ते त्यांना आवडलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्यांची नजर लक्ष्मीविलास पॅलेसमधल्या रविवर्म्याच्या चित्रांवर आणि तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांवर तयार झालेली. मोबाइलवर अमूर्त चित्रं दाखवली की पहिला प्रश्न येतो, "हे नेमकं कशाचं गं?" मी चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची अमूर्त चित्रं दाखवली, एस. एच. रझांची बिंदू (मोठं गोल वर्तुळ) असलेली चित्रं दाखवली. बिंदूपाशी त्या थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या. काळ्याभोर चित्रांना मात्र सरळ नाही म्हणाल्या.

माझी स्वतःची ओढ चित्रकार नसरीन मोहम्मदींच्या रेषांकडे आहे. त्या १९७२ पासून १९९० पर्यंत इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतच शिकवत होत्या. कागदावर शाई आणि पेन्सिलीच्या इतक्या बारीक, नेमक्या रेषा, की बघताना आपोआप श्वास संथ होतो. त्या वळणाचं काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं चित्र पसंतही पडलंय. कागदावरचं आहे, दीड बाय दोन फूट.

आणखी एक गोष्ट. ही भिंत बाहेरच्या बाजूची आहे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुराचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं नाही, पण त्या पावसाळ्यापासून भिंतीच्या डाव्या कोपऱ्याला ओल धरते, पुट्टीचे पोपडे निघतात. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीननंतर ऊनही येतं.

तर कागदावरचं घ्यावं की कॅनव्हास? केवढं? किती उंचीवर? आणि विद्यार्थ्याकडून थेट घेताना काय काय मागून घ्यावं?

प्रतिसाद १

ताई, आमचा फ्रेमिंगचा व्यवसाय आहे, म्हणून आधी ओलीचं बोलतो. कागदावरचं काम त्या भिंतीवर अजिबात लावू नका. कागद हवेतली ओल ओढतो, लाटा येतात, मग बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. आधी बाहेरून गळती कुठे आहे ते शोधून बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच खिळा ठोका. कॅनव्हासलाही ओल चालत नाही, पण त्याची पाठ मोकळी ठेवता येते. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवून घ्या, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते. कॅनव्हासला काच लावायची गरज नसते.

कागदावरचं चित्र आतल्या भिंतीवर लावा. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आम्लविरहित बोर्डाचाच मागा, साधा बोर्ड काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदालाही पिवळं करतो. माउंट असला की काच कागदाला टेकतही नाही. थेट ऊन दोघांनाही नको. शाई आणि जलरंग तर लवकर फिके पडतात.

प्रतिसाद २

मी फाइन आर्ट्सलाच शिकले. आकाराचं सांगते. ६ फुटांच्या सोफ्यावर दीड फुटाचं चित्र हरवून जाईल. सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४ फुटांच्या आसपासचं काम बघा. बारीक रेषांचं काम १० फुटांवरून नुसतं करडं दिसतं, ते जवळ उभं राहूनच बघायचं असतं. ते पॅसेजमध्ये लावा, येताजाता पावलं थांबतील. झोपाळ्यासमोर रंगांचे मोठे भाग असलेलं, पोत जाणवणारं चित्र हवं. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरतात, पण तो उभ्यानं बघणाऱ्याचा हिशोब. तुमच्याकडे बघणारं माणूस बसलेलं आहे, तेव्हा सोफ्याच्या पाठीपासून फक्त ६-८ इंच सोडून लावा.

घेताना मागच्या बाजूला सही, वर्ष, माध्यम, माप लिहून घ्या. अमूर्त चित्रात वरची बाजू कुठली, तेही बाण काढून घ्या, पुढे घर बदललं की यावरून खरंच गोंधळ होतात. साधं बिल आणि चित्रकाराच्या सहीचा एका पानाचा दाखला ठेवा. आणि किमतीत फार घासाघीस करू नका. ४ फुटांच्या कॅनव्हासचा आणि चांगल्या रंगांचाच खर्च मोठा असतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल जुनी वर्तमानपत्रं जोडून ४ बाय ३ फुटांचा कागद केला आणि टेपनं भिंतीवर चिकटवला. सासूबाईंनी झोपाळ्यावरून बघून तो दोनदा खाली घ्यायला लावला, आणि उंची बरोबर तुम्ही सांगितली तिथेच आली. ओल डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे चित्र उजवीकडे सरकवावं, असंही त्यांनीच सुचवलं. रेषांचं चित्र घेतेच आहे, माझ्या टेबलाजवळच्या आतल्या भिंतीसाठी.

मोठ्या चित्रासाठी वर्षअखेरीच्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाला सासूबाईंना घेऊन जायचं ठरवलंय. तिथे मांडलेली कामं लगेच विकत मिळतात, की परीक्षण संपेपर्यंत थांबावं लागतं? शिवाय त्यांच्या गुडघ्यांमुळे जिने जमत नाहीत, तर तळमजल्यावर बघण्यासारखं किती असतं, हे कुणी सांगाल का?