जुना राउटर आणि डीएचसीपीचा घोळ
आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नसेल तर घरातला जुना राउटर रिपीटर म्हणून, म्हणजे मुख्य राउटरचा वायफाय सिग्नल पकडून पुढे पाठवणारे उपकरण म्हणून लावावा, असे बरेचदा सुचवले जाते; ही सूचना मला अर्धीच पटते. एकच रेडिओ (सिग्नल घेणारा-पाठवणारा भाग) असलेला रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून भिंतीच्या कडेने केबल नेणे शक्य असेल, तर तोच राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने मुख्य राउटरला जोडून त्या खोलीत वायफाय देण्यासाठी वापरणे केव्हाही चांगले.

मात्र ही सूचना देताना एक गोष्ट सांगायची राहून जाते. केबल दोन्ही बाजूंना लॅन पोर्टमध्येच (घरातली उपकरणे जोडायच्या खाचेत) लावायची आणि त्याआधी जुन्या राउटरमधील डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते आपोआप वाटणारी सोय) बंद करून त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतील (पहिले तीन आकडे तेच असलेला), पण वेगळा पत्ता द्यायचा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर याला १९२.१६८.१.२ चालेल, फक्त तो पत्ता मुख्य राउटर इतर उपकरणांना वाटत असलेल्या पत्त्यांपैकी नसावा. मी डीएचसीपी बंद करायला विसरलो होतो. प्रिंटरला जुन्या राउटरकडून १९२.१६८.०.१०३ हा पत्ता मिळाला आणि लॅपटॉप १९२.१६८.१ च्या मालिकेत राहिला, त्यामुळे दोन हातांवर ठेवलेला प्रिंटर लॅपटॉपला दिसेना. शिवाय जुन्या राउटरकडून पत्ता घेणाऱ्या फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसे, पण इंटरनेट नसे. दोन संध्याकाळी मी केबललाच दोष देत बसलो होतो.