असामान्य, अपसामान्य की विकृत?

प्रश्न : मानसशास्त्रावरील एका मजकुराचे मुद्रितशोधन करताना ‘असामान्य वर्तन’ आणि ‘अपसामान्य वर्तन’ हे शब्द एकाच अर्थाने आलेले दिसले. त्यांत फरक आहे का? ‘विकृत वर्तन’ चालेल का?

उत्तर : फरक आहे, आणि तो जपण्याजोगा आहे. मराठीत ‘असामान्य’ हा बहुधा गौरवाचा शब्द आहे. असामान्य धैर्य, असामान्य प्रतिभा असे आपण म्हणतो. म्हणून पाठ्यपुस्तकांनी ‘अपयश’, ‘अपकीर्ती’ यांतला ‘अप’ घेऊन ‘अपसामान्य’ हा शब्द रूढ केला, म्हणजे सामान्यापासून ढळलेले आणि त्या ढळण्यात काही उणे असलेले. हे उणेपण नुसत्या आकड्यांना दिसत नाही. बुद्ध्यंकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसरटपणाचे माप) 15 धरले, तर 70 च्या खाली आणि 130 च्या वर प्रत्येकी सुमारे 2 टक्के माणसे येतात. विरळपणाच्या कसोटीवर दोन्ही टोके सारखीच असामान्य ठरतात, पण वरच्या टोकाला अपसामान्य कोणी म्हणत नाही. उलट नैराश्य पुष्कळांना होते, म्हणून ते निरोगीपणाचे लक्षण होत नाही.

समाजनियम मोडणे ही दुसरी कसोटी, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याची. सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकी डॉक्टरने 1851 मध्ये गुलामांच्या पळून जाण्याच्या ओढीला ‘ड्रेपटोमेनिया’ असे नाव देऊन तो मनाचा रोग ठरवला होता. समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळण्याचा निर्णय अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने 1973 मध्ये घेतला. तोवर बहुसंख्यांची नापसंती निदान म्हणून खपत होती.

त्यामुळे आज भर आहे तो क्लेश आणि दैनंदिन कामातील बाधा यांवर. घराबाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून पाहणारा माणूस फार तर काळजीखोर. पण कुलूप लागले आहे हे कळत असूनही जो जिन्यावरून तीसतीस वेळा परत येतो, ज्याचे कामावर वेळेत पोहोचणे थांबते आणि जो स्वतःच या फेऱ्यांनी हैराण होतो, त्याच्याबाबत विकाराचा विचार करावा लागतो. कृती एकच आहे. अर्थात क्लेश एकटा पुरत नाही: जिवलगाच्या मृत्यूनंतरचा शोक तीव्र असला तरी अपेक्षितच असतो, आणि उन्मादावस्थेतील (आजारामुळे अवाजवी उत्साहात असलेल्या) व्यक्तीला पुष्कळदा काहीच त्रास वाटत नाही, तो भोवतालच्यांना होतो. मानसिक विकाराच्या संकल्पनेचे अमेरिकी अभ्यासक जेरोम वेकफील्ड यांनी 1992 मध्ये ‘हानिकारक बिघाड’ अशी जोडकसोटी मांडली, तिचे मर्म हेच आहे: मनाच्या एखाद्या यंत्रणेत बिघाडही हवा आणि त्यातून हानीही व्हायला हवी. हानी कशाला म्हणायचे हे मात्र समाजच ठरवतो, तेव्हा मूल्यनिर्णय पूर्णपणे टळत नाही.

‘विकृत’ टाळावा. ‘विकार’ आणि ‘विकृत’ एकाच धातूचे असले, तरी पहिला दवाखान्यात राहिला आणि दुसरा शिवीच्या जवळ गेला. ‘मनोविकृती’ हा शास्त्रीय लेखनात दिसतो; तो सामान्य वाचकासाठी असलेल्या मजकुरात वापरू नये.

पुरवणी प्रश्न : मग ‘मनोविकार’ निर्दोष मानावा का? जुन्या लेखनात तो राग-लोभासाठीही आढळतो.

उत्तर : खरे आहे. तेथे मनोविकार म्हणजे मनाची कोणतीही उसळी, आणि विकार आवरणे हा सदाचाराचा भाग. आज तो अर्थ मागे पडला असला, तरी ‘मनावर ताबा ठेवला की बरे वाटेल’ या सल्ल्यात तो रेंगाळतो. संदर्भ आजाराचा असेल तर ‘मानसिक आजार’ अधिक स्वच्छ. ‘मानसिक अस्वास्थ्य’ त्याहून व्यापक आहे. निदान होण्याजोगा आजार नसतानाही ते असू शकते. तुमच्या मजकुरात वर्तनाला ‘अपसामान्य’ हे विशेषण ठेवा, पण ‘अपसामान्य व्यक्ती’ असे जेथे आले असेल तेथे ते काढावे, कारण वरच्या सगळ्या कसोट्या वर्तनाच्या आणि अवस्थेच्या आहेत.