पालिकेची बंद शाळा संस्थांना वापरायला द्यावी का?

कट्टेकरी (धागाकर्ता)
आमच्या नगरपालिकेची एक शाळा पट गळत गळत बंद पडली. दगडी इमारत, मागे आड, चिंच. एका खोलीत गंजलेली फवारणी यंत्रं, दुसरीत मोडके बाक, बाकीच्यांना कुलूप. ओट्यावर रात्री बाटल्या. आणि पलीकडच्या गल्लीत एमपीएससीची पोरं खासगी अभ्यासिकेला दरमहा पैसे मोजतात. मी म्हणतो, नगर वाचनालयाला आणि बचत गटांना खोल्या द्या. डागडुजी त्यांनी लोकवर्गणीतून करावी, भाडं नाममात्र. इमारत पडून राहण्यापेक्षा हे बरं की नाही?

स्पष्टवक्ता
नाही. 'वापरायला' दिलेली जागा परत मिळाल्याचं उदाहरण दाखवा, मग बोलू. मुंबईत मोकळी मैदानं दत्तक आणि काळजीवाहू तत्त्वावर, म्हणजे देखभालीसाठी, संस्थांना दिली. काहींवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले, सामान्य माणूस फाटकाबाहेर. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेने नवं दत्तक धोरण मंजूर केलं. त्यावर इतकी ओरड झाली की तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घ्यायला सांगितलं. घेताना पालिकेच्या नाकी नऊ आले, कारण संस्थांच्या पाठीशी पुढारी होते. आमच्या गावात तर पुढारी आणि संस्था यांत फरकच नाही. आधी फलक लागतो, मग साहेबांचं संपर्क कार्यालय, मग लग्नाचं बुकिंग.

सुमनताई
स्पष्टवक्ता भाऊ, मैदान आणि शाळा एक नाही हो. पुण्या-मुंबईत आकांक्षा फाउंडेशन महापालिकेच्या इमारतींतच शाळा चालवतं. इमारत पालिकेची, शिकवणं संस्थेचं. तिथे कुणी क्लब काढला नाही.
आमच्या गटाचं सांगते. पापडाचं पीठ एकीच्या घरी मळायचं, वाळवण दुसरीच्या गच्चीवर, पाऊस आला की पळापळ. एक कोरडी खोली आणि नळ मिळाला तरी पुरे. भाडं द्यायला तयार आहोत, फुकट नको.

जुना_लिपिक
नोकरी पालिकेत गेली, म्हणून दोन शब्द. नगरपरिषद अधिनियम 1965, कलम 92. मिळकत विकणं, भाडेपट्ट्याने देणं त्याच्याच चौकटीत. सर्वसाधारण सभेत हात वर झाले की काम झालं असं नसतं. नाममात्र भाडं लावलंत की लेखापरीक्षणात आक्षेप येणार, आणि तो मुख्याधिकाऱ्याच्या नावावर बसतो. म्हणून अधिकारी फाइल दाबून ठेवतात. कुलूप लावलेल्या खोलीबद्दल कुणी त्यांना जाब विचारत नाही ना!

कट्टेकरी
काका, हेच तर दुखणं. पडीक ठेवल्याचा आक्षेप का निघत नाही? छप्पर खचतंय, ते नुकसान कोणत्या वहीत लिहितात?
स्पष्टवक्ता, कब्जाची भीती मान्य. पण मग अटी घाला. करार 11 महिन्यांचा, वीजमीटर पालिकेच्या नावे, एक किल्ली पालिकेकडे, पोटभाडेकरू ठेवला की करार रद्द. वाचनालय 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेतं, जिल्हा ग्रंथालय अधिकारी त्याचे हिशेब तपासतो. इतका पारखलेला भाडेकरू पालिकेच्या दुकानगाळ्यांच्या लिलावात तरी मिळतो का?

स्पष्टवक्ता
11 महिन्यांच्या करारावर छपराला लाखो रुपये कोण घालणार? वर्गणी देणारा विचारेलच, पुढच्या वर्षी आम्ही इथे असू का? मुदत वाढवा, की कब्जाचा रस्ता उघडला. ही गाठ सोडवून दाखवा. आणि आधी पालिकेनेच स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावं. भिंत पडून पोर दगावलं तर संस्था हात वर करील.

सुमनताई
छप्पर आणि भिंत पालिकेने करावी, रंग-वीज-पाणी आम्ही. मालकाने घर उभं ठेवायचं नाही तर काय फक्त कुलूप विकत घ्यायचं?

जुना_लिपिक
ताई, बरोबर आहे. पण त्या छपरासाठी अंदाजपत्रकात तरतूद हवी. अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीत असते. नगरसेवकाला आत्ताच धरा, तेव्हा नाही.

स्पष्टवक्ता
धरा. करारनाम्याचा मसुदा सभेआधी नोटीसबोर्डावर लागला नाही, तर पहिली लेखी हरकत माझी.