पार्किंगमधली ट्रॅव्हलर आणि न लावलेल्या टाइल्स

सावंत काकू (बी-२०१): सकाळपासून वास सहन करतेय. सासूबाईंना दमा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांची गाडी आहे त्यांनी समजून घ्यावं. मी नाव घेत नाही.

संदीप (ए-४०३): नाव कशाला घ्यायला पाहिजे काकू. अख्ख्या पार्किंगात पडदे लावलेली गाडी एकच हाय 😂

सावंत काकू: संदीप, प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. माझ्या स्कूटीच्या सीटवर पांढरी भुकटी बसलीय.

सचिन (बी-१०४): काकू नमस्कार. वास रंगाचा न्हाई. काल ओट्याला सनमायकाची पट्टी चिकटवली, त्या सोल्यूशनचा हाय. संध्याकाळपर्यंत जाईल. आज लावतोय तो पाण्यातला रंग, त्यात थिनर नसतंय. भुकटी पॉलिश पेपरची. स्कूटी आत्ता पुसून देतो.

देसाई सर (ए-३०२): सविनय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. सदर वाहनातील सीट काढलेल्या दिसतात. परवानगी घेतली आहे काय?

सेक्रेटरी शिंदे: सर्वांना विनंती, चर्चा सभ्य भाषेत व्हावी 🙏

संदीप: असभ्य अजून कोण बोललंय?

सेक्रेटरी शिंदे: आधीच सांगून ठेवलं.

वैशाली (बी-४०२): सचिन, नक्की काय चाललंय आत? काल वरून बघितलं तर भिंतीवर नुसत्या टेपाच टेपा.

सचिन: 📷 फोटो
ताई, ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करतोय, म्हंजे फिरतं घर. आतल्या किचनच्या मागच्या भिंतीला टाइल्सचा लूक देतोय. खऱ्या न्हाईत. सगळा रंगाचा खेळ.

कुलकर्णी काका (ए-१०१): एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ टाइल्स लावायच्या. मोरबीचा माल लक्ष्मीपुरीत हवा तेवढा मिळतो. नकली ते नकलीच दिसणार.

सचिन: काका, भिंतीची टाइल चौरस फुटाला साधारण दीड किलो भरते. माझं काम वीस फुटाचं. म्हणजे तीस किलो, वर चिकटवायचा मसाला आणि फटी भरायचं ग्राउट वेगळं. एवढं वजन घेऊन गाडी गगनबावड्याचा घाट कशाला चढू? शिवाय गाडीची बॉडी सारखी हलती, पिळती. ग्राउटला पहिल्याच ट्रिपला भेगा पडतात. भेगेतनं पाणी प्लायवूडमध्ये गेलं की संपला विषय.

संदीप: आपली लॉबी तर कुठं हलत पण न्हाई. तरी तिथल्या टाइल्स ढोलासारख्या वाजतात. त्या कुठल्या घाटातनं आणल्या होत्या काका?

कुलकर्णी काका: हा टोमणा कुणाला आहे ते कळतं मला. त्या वेळी तीन कोटेशन घेतली होती. मिनिट्स बुकात आहे सगळं.

वैशाली: काका, दोष टाइल्सचा नव्हताच. गवंड्यानं खाली सगळीकडे माल पसरला नाही, चार कोपरे आणि मध्ये एक गोळा ठेवून टाइल दाबली. मधे पोकळी राहिली म्हणून वाजते. उद्या कुणी सिलिंडर आपटला की तिथंच फुटेल. मी तेव्हाच बोलले होते.

कुलकर्णी काका: तेव्हा तुम्ही भाडेकरू होता.

वैशाली: भाडेकरूला कान नसतात का?

देसाई सर: माझ्या वरील मेसेजला उत्तर आलेले नाही.

सेक्रेटरी शिंदे: लॉबीचा विषय सर्वसाधारण सभेत घेऊ. इथे नको 🙏

प्रकाश (ए-२०२): अरे सचिन, एवढं कशाला करतोस? ऑनलाइन टाइलचे स्टिकर मिळतात. मागचा कागद काढला की चिकटव. माझ्या मेव्हण्यानं तासाभरात अख्खं किचन केलं.

सचिन: प्रकाशदा, मेव्हण्याचं किचन फ्लॅटमध्ये हाय न्हवं? बंद गाडी एप्रिलमध्ये दुपारभर उन्हात उभी राहिली की आतनं भट्टी हुती. स्टिकरचा गोंद मऊ पडतो, कोपरे उचलतात. मग त्यात धूळ बसली की परत चिकटत न्हाई. आणि ट्रॅव्हलरची भिंत वरच्या बाजूला वळलेली हाय, तिथं स्टिकरला सुरकुत्या येतात.

प्रकाश: त्याचे तरी अजून निघाले नाहीत बाबा.

संदीप: प्रकाशदाचा मेव्हणा म्हंजे नाद खुळा. मागच्या वेळी सोलरचं पण त्यालाच माहीत होतं.

प्रकाश: सोलर चालू आहे. बिलं दाखवू?

वैशाली: सचिन, भिंतीच्या सनमायकावर रंग धरणार नाही हं, गुळगुळीत असतो तो. आधी चमक मारलीस का?

सचिन: मारली ताई. २२० नंबरचा पेपर फिरवला, ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, मग प्रायमर. काकूंच्या स्कूटीवर गेली ती त्या पेपरचीच भुकटी. त्यावर करड्या रंगाचे दोन हात, हे ग्राउट. रात्रभर वाळू दिलं. मग तीन बाय सहा इंचाच्या विटांची आखणी, एक ओळ सोडून एक अर्ध्या विटेनं सरकवलेली. रेघांवर गाड्यांच्या पेंटच्या दुकानात मिळते ती तीन मिलिमीटरची बारीक टेप. आडव्या आधी, उभे तुकडे त्यावर. काढताना उलटं. आता वरनं पांढरा. टेप ओढली की खालनं करडी रेघ निघती.

वैशाली: एक सांगते. पांढऱ्याच्या आधी टेपेच्या कडांवर तोच करडा पातळ हात परत फिरव. जे काही टेपेखाली झिरपायचं ते करडंच झिरपतं, मग पांढरा आत शिरत नाही. रेघ सुरीनं कापल्यासारखी येते. आणि सगळं पांढरं एकसारखं नको. चार-दोन विटा किंचित पिवळसर ठेव, तरच डोळा फसतो.

सचिन: करडा फिरवलाय. पिवळसरचं लय भारी सांगितलं ताई 🙏

सावंत काकू: इथं माणसांना श्वास घेता येईना आणि तुमचं विटांचं कौतुक चाललंय.

वैशाली: काकू, सोल्यूशनचं तुमचं बरोबरच आहे. ते उघड्यावर करायला हवं होतं.

सावंत काकू: धन्यवाद. एक तरी माणूस बोललं.

देसाई सर: पुन्हा टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. परवानगी घेतली आहे काय?

संदीप: सर, सरकारनंच २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलंय की.

देसाई सर: पर्यटनाचे धोरण वेगळे, वाहनाची नोंदणी वेगळी. गल्लत करू नये.

सचिन: सर, सीट काढायच्या आधी आरटीओत अर्ज दिलाय. आतल्या भिंतीला रंग लावायला कुठलं कलम लागतंय ते सांगा, त्याचा बी अर्ज देतो.

देसाई सर: अर्ज देणे म्हणजे परवानगी मिळणे नव्हे.

सावंत काकू: सर, तुमच्या गॅलरीच्या ग्रिलला परवानगी होती का हो?

देसाई सर: विषयांतर नको.

संदीप: 😂😂

कुलकर्णी काका: ग्रिलचं मिनिट्स बुकात नाही. एवढंच नमूद करतो.

प्रकाश: सचिन, शेगडी कुठं ठेवणार? तिथं रंग टिकेल?

सचिन: शेगडीमागं रंग न्हाईच. उद्यमनगरातनं स्टीलच्या पत्र्याचा उरलेला तुकडा आणलाय, मागं थोडी फट ठेवून बसवणार. स्टिकर असता तर तिथं वितळला असता, मेव्हण्याला विचारा. बाकी भिंतीवर शेवटी पाण्यातल्या पीयू वार्निशचे दोन हात, म्हणजे तेलाचे शिंतोडे पुसता येतात. टेप, रंग, प्रायमर, पीयू सगळं धरून दोन हजाराच्या आसपास.

संदीप: दोन हजारात? शिंदे साहेब, लॉबीचं काम सचिनलाच द्या. टेप आपण वर्गणी काढून आणू.

कुलकर्णी काका: मी ग्रुप सोडू का?

सेक्रेटरी शिंदे: कुणी सोडू नका. काका, फोन करतो. सचिन, दोन गोष्टी. चिकटवायचं काम इथून पुढे गेटबाहेर मोकळ्या जागेत. पेपर मारायचा तर ओला मारा, भुकटी उडत नाही. काकू, चालेल ना?

सावंत काकू: चालेल म्हणण्यावाचून पर्याय आहे का?

सेक्रेटरी शिंदे: आणि सगळ्यांसाठी. आज नळाला पाणी आलेलं नाही. टँकर बोलावलाय, अर्ध्या तासात येतोय. ट्रॅव्हलर टाकीच्या तोंडाशी आहे. सचिन, लगेच काढा.

सचिन: साहेब, नेमका आत्ता पांढऱ्याचा शेवटचा हात मारलाय. टेप रंग ओला असतानाच ओढावी लागती. वाळला की टेपेबरोबर कडा सोलून येतात. वीस मिनिटं द्या.

सावंत काकू: टाकी कोरडी आहे आणि ह्यांना टेप ओढायचीय.

वैशाली: मी खाली येतेय. दोघं मिळून ओढू, दहा मिनिटांत होईल. पंचेचाळीस अंशात ओढ, सरळ नको.

संदीप: मी पण आलो. गाडी मी सरकवतो, तुम्ही आत बसून ओढत राहा.

सचिन: संदीपराव, गाडी हलली की रेघ गेली. हात लावू नका. आधी टेप, मग गाडी.

सेक्रेटरी शिंदे: टँकरवाल्याचा फोन आला. सायबर चौकात पोचलाय.

प्रकाश: त्याला चहा पाजा की तोवर.

सेक्रेटरी शिंदे: किल्ली कुणाकडे आहे?

सचिन: वॉचमनकडं. पण आधी टेप.