अनुभव धागा: मोकळ्या रानातला योग, मन शांत आणि कान जागे

मराठवाड्यात माळावर, डोंगरावर, तळ्याकाठी योग करणाऱ्यांनी जागा, वेळ आणि हमखास होणाऱ्या चुका इथे लिहाव्यात.

कन्नड
वृक्षासन (एका पायावर उभं राहायचं आसन) कड्याशी करू नये. आपण जरा डुललो की जवळची वस्तू नजरेत सरकते, त्यावरून शरीर तोल सावरतं. समोर नुसती दरी असेल तर ती खूणच मिळत नाही, म्हणून गरगरतं. कड्यापासून चांगलं दहा-बारा पावलं मागे या, तीन-चार मीटरवरच्या एखाद्या दगडावर नजर धरा. कुसळी गवत नको, वाऱ्याने ते हलतं. पाऊल मांडीला किंवा पोटरीला टेकवा, गुडघ्यावर कधीच नाही. प्रत्येक बाजूला ५ सावकाश श्वास. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, तेव्हा बसूनच आसनं करा.

परभणी
उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात विंचू असतो, साप असतो. शवासन तिथे नको. खळ्यासारखी चोपलेली जागा बघा. उजाडल्यावरच बसा, मण्यार रात्री फिरते. उठल्यावर चटई झटकून मगच गुंडाळा. साप चावलाच तर चिरणं नाही, आवळून बांधणं नाही. तो अवयव हलू न देता थेट दवाखाना.

भूम
वळवाआधीचा गार वारा ध्यानाला फार गोड लागतो, आणि नेमका तोच घात करतो. वीज दिसली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. सेकंदांना ३ ने भागलं की वीज अंदाजे किती किलोमीटरवर ते कळतं. ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर चटई तिथेच टाका आणि पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. झाडाखाली नाही, उघड्या पत्र्याच्या शेडखालीही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच थांबा.

बीड
मे महिन्यात साडेसातच्या आत आटपा, भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास) सोडून द्या. त्याऐवजी गारवा देणारी शीतली करा. तीत जिभेची नळी करून श्वास आत, नाकाने बाहेर, ८-१० वेळा. जीभ वळत नसेल तर सीत्कारी, म्हणजे दात जुळवून फटींतून श्वास आत. धूळ उडत असेल तर दोन्ही टाळा, कारण तोंडाने घेतलेला श्वास नाकातून गाळला जात नाही. चक्कर, मळमळ वाटली तर प्राणायाम पुरे. सावलीत आडवं व्हा, अंगावर ओला पंचा घ्या.

अजिंठ्याकडून
कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर त्याखाली बसूच नका. अत्तर, उदबत्ती घरी ठेवा. माश्या उठल्या तर हात न झाडता तोंड झाकून लांब पळा.

परभणी (पुन्हा)
एक राहिलं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तर जवळपास उघड्या जमिनीवर तिची अंडी असतात, खड्यांत खडे वाटावेत अशी ठिपक्यांची. पाय जपून टाका आणि चटई लांब न्या.