सागवानी मेज : घासून कोरे करावे की आहे तेच पॉलिश उजळावे?

प्रश्न :
आमच्याकडे आजोबांचे सागवानी लिहिण्याचे मेज आहे. वरची फळी काळपट झाली असून उन्हाळ्यात हाताला किंचित चिकटते, आणि तिच्यावर चहाच्या कपांची पांढरी वर्तुळे उमटली आहेत. खणांना आतून जुना हिरवा ऑइलपेंट आहे. सुतार म्हणतो की यंत्राने घासून कोरे लाकूड काढावे आणि वर मेलामाइन (कडक थर देणारे रासायनिक पॉलिश) मारावे. हे काम मला गॅलरीत स्वतः करायचे आहे. सुरुवात कितव्या नंबरच्या पॉलिश पेपरने करावी?

उत्तर १ :
पेपरचा नंबर नंतर ठरवता येईल. आधी वर कोणते पॉलिश आहे ते पाहा. पायाच्या आतल्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. बोळ्याला तपकिरी रंग लागला आणि जागा चिकट झाली, तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश आहे. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो आणि उष्णतेने मऊ होतो. गरम कपाखाली ओलावा त्यात शिरून पांढरी वर्तुळे पडतात ती त्यामुळेच. अशी वर्तुळे बहुधा पॉलिशच्या थरातच असतात आणि स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेले फडके झरझर फिरवल्यास पुष्कळदा निघून जातात. काळपटपणा हा बऱ्याच वेळा वर्षानुवर्षे बसलेले मेण आणि हाताचा मळ असतो. टर्पेंटाइनने तो निघतो आणि चपड्याला धक्का लागत नाही. एवढे करून भागले नाही, तरच १८० आणि मग २२० नंबरचा पेपर हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. आडवे ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात बसला की मात्र उठून दिसतात.

उत्तर २ :
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. मेजावर रोज मुले अभ्यास करणार असतील आणि कप ठेवले जाणार असतील, तर चपडा पुन्हा वर्षभरात तसाच होईल. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेनचे पॉलिश) उष्णता आणि पाणी अधिक सोसते, हे सुताराचे म्हणणे चूक नाही. मात्र पुढे त्यावर ओरखडा पडला तर तेवढीच जागा सांधणे अवघड जाते, चपड्याचे तसे नसते. यंत्र लावण्याआधी फळीची कड पाहावी : वरच्या रेषा कडेवर उतरत नसतील तर ते विनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असू शकते, आणि ते यंत्राखाली क्षणात पार होते.

उत्तर ३ :
त्या हिरव्या रंगाकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, विशेषतः घरात लहान मूल असल्यास. रंग घट्ट बसलेला असेल तर त्यावर नवा हात देऊन झाकून टाकणेच मला शहाणपणाचे वाटते. लाकडाच्या भुशासाठीही रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावावा. आणखी एक गोष्ट म्हणजे पावसाळ्यात चपडा लावू नये, दमट हवेत तो दुधाळ पडतो.

प्रश्नकर्ता :
स्पिरिटची परीक्षा केली. चपडाच निघाला, आणि फळी भरीव सागाची आहे. टर्पेंटाइनने निम्मा काळेपणा गेला, दोन वर्तुळे सोडल्यास बाकीचीही गेली. खणांना हात लावलेला नाही. लोखंडी कुलपाभोवतीचा काळा डाग मात्र हलत नाही.

उत्तर १ :
लोखंड, पाणी आणि लाकडातील टॅनिन (नैसर्गिक तुरट द्रव्य) यांच्या संयोगाने पडणारा तो डाग आहे. घासत बसलात तर खड्डा पडेल. तेवढ्या जागेवरचे पॉलिश स्पिरिटने काढून, कोमट पाण्यातले ऑक्झॅलिक ॲसिड ब्रशने लावा. ते विषारी असल्यामुळे हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे. डाग फिकट झाल्यावर ती जागा दोन-तीनदा पाण्याने पुसा, दोन दिवस वाळू द्या आणि मगच चपड्याचे पातळ हात द्या. लिटरभर स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडा पुरे.